फान्तोत्सी नेमका कशाला घाबरतो? पन्नास वर्षांपूर्वीच्या इटालियन चित्रपटातली कचेरी

मार्च 1975 मध्ये इटलीत ‘फान्तोत्सी’ नावाचा विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. 2025 मध्ये त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तरी इटलीत तो अजून जुना झालेला नाही. नोकरीतला अपमान, साहेबापुढची लाचारी, ऐन सुट्टीच्या दिवशी कोसळणारा पाऊस अशा कोणत्याही प्रसंगाला इटालियन माणूस आजही सहजपणे ‘फान्तोत्सीसारखा’ म्हणतो आणि त्यासाठी तयार झालेले विशेषण तिथल्या शब्दकोशांतही आलेले आहे. बाहेरच्या प्रेक्षकाला मात्र हा चित्रपट पहिल्यांदा पाहताना कोडे पडते. एक स्थूल, मध्यमवयीन हिशेबनीस बस पकडण्यासाठी घराच्या सज्जातून थेट उन्नत रस्त्यावर उतरतो, वरिष्ठांपुढे अक्षरशः जमिनीवर लोळतो आणि कचेरीच्या सर्वोच्च मजल्यावर माणसाच्या कातड्याची खुर्ची आहे अशी कुजबुज ऐकतो. हे सगळे इतके अतिरंजित असूनही इटालियन लोकांना त्यात आपले खरे आयुष्य का दिसले, हे समजण्यासाठी त्या काळची इटालियन कचेरी समजून घ्यावी लागते.

माझ्या मते हा चित्रपट एका वेंधळ्या माणसाची गंमत सांगत नाही. ज्याला नोकरीवरून काढणे जवळजवळ अशक्य आहे असा माणूस आयुष्यभर भीतीत का जगतो, हा त्याचा खरा प्रश्न आहे. भीतीमागची ती यंत्रणा एकदा लक्षात आली की त्यातील प्रत्येक हास्यास्पद प्रसंग आपापल्या जागी बसतो.

चित्रपट कोणाचा आणि कोणाविषयी

उगो फान्तोत्सी हे पात्र पाओलो विल्लाज्जो या लेखक-अभिनेत्याने घडवले. विल्लाज्जो 1932 साली जेनोआ या बंदराच्या शहरात जन्मला आणि 2017 मध्ये रोममध्ये वारला. रंगभूमी आणि दूरचित्रवाणीवर नाव होण्यापूर्वी त्याने जेनोआतच इटालसिदेर या अवाढव्य पोलाद उद्योगाशी जोडलेल्या कंपनीत नोकरी केली होती. कचेरीतील माणसे त्याने बाहेरून पाहिलेली नव्हती. तो त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होता. फान्तोत्सीच्या गोष्टी त्याने आधी सांगितल्या, मग नियतकालिकात लिहिल्या, आणि 1971 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. ते प्रचंड खपले. 1974 मध्ये दुसरे पुस्तक आले आणि पुढच्याच वर्षी दिग्दर्शक लुचानो साल्चे याने पहिला चित्रपट केला. त्याची पटकथा साल्चे आणि विल्लाज्जो यांनी लेओ बेन्वेनूती आणि पिएरो दे बेर्नार्दी या मुरलेल्या पटकथाकारांबरोबर लिहिली होती. प्रमुख भूमिका अर्थातच विल्लाज्जोची होती. 1976 मध्ये साल्चेनेच दुसरा भाग केला, आणि 1999 पर्यंत एकूण दहा चित्रपट निघाले.

फान्तोत्सी एका महाकंपनीत काम करतो. तिच्या लांबलचक नावातच तेल, सिमेंट, कापड, औषधे, धातू आणि रसायने असे सगळे उद्योग एकत्र गुंफलेले आहेत, आणि ती नेमके काय तयार करते हे कोणालाच सांगता येणार नाही. घरी पत्नी पीना आहे आणि मारियान्जेला ही मुलगी आहे. कचेरीत फिलीनी नावाचा जाड भिंगांचा चष्मा घातलेला सहकारी आहे, जो प्रत्येक सुट्टीसाठी एखादी सहल किंवा सामना ठरवतो आणि प्रत्येक वेळी सर्वांना संकटात लोटतो. मिस सिल्वानी नावाची सहकारी आहे, जिच्यावर फान्तोत्सीचे मूक प्रेम आहे. आणि या सगळ्यांच्या वर अदृश्य वरिष्ठांची उतरंड आहे.

त्या काळची इटालियन कचेरी

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली हा बराचसा शेतीप्रधान आणि गरीब देश होता. 1958 ते 1963 या काळात त्याची औद्योगिक वाढ इतक्या वेगाने झाली की तिला ‘आर्थिक चमत्कार’ असे नाव पडले. दक्षिणेकडील खेड्यांतून लाखो माणसे मिलान, तोरिनो आणि जेनोआकडे आली. कारखान्यांबरोबर त्यांच्या कचेऱ्याही वाढल्या. पत्रव्यवहार, हिशेब, विमा, दावे आणि पगारपत्रके सांभाळायला हजारो पांढरपेशे नोकरदार लागू लागले. यातील कितीतरी मोठे उद्योग सरकारच्या मालकीच्या एका संस्थेखाली होते, जिचे इटालियन आद्याक्षरांवरून पडलेले नाव ‘इरी’ असे आहे. 1933 मध्ये बुडत्या बँका आणि उद्योग वाचवण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था पुढे देशातील सर्वांत मोठ्या मालकांपैकी एक ठरली. इटालसिदेरही तिच्याच छत्राखाली होती.

अशा कंपनीत एकदा चिकटलेला माणूस निवृत्तीपर्यंत तिथेच राहात असे. इटलीत या कायम नोकरीला ‘पोस्तो फिस्सो’ म्हणतात. त्यातच 1969 च्या शरद ऋतूत कामगारांचे जबरदस्त संप झाले आणि 1970 च्या मे महिन्यात कामगारांच्या हक्कांचा कायदा संमत झाला. त्याच्या 18 व्या कलमानुसार, पंधरापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने एखाद्याला अन्यायाने काढले तर न्यायालय त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावू शकत असे. म्हणजे 1975 मध्ये, फान्तोत्सी पडद्यावर आला तेव्हा, इटालियन नोकरदाराला पूर्वी कधी नव्हते एवढे कायद्याचे संरक्षण होते.

नोकरी जाणारच नसेल, तर भीती कशाची?

हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले की चित्रपट उलगडतो. जुन्या एकत्र कुटुंबात घरात आलेल्या सुनेला कोणी सहसा घराबाहेर काढत नसे, तरीही ती दिवसभर सासूच्या चेहऱ्याकडे पाहात वावरत असे. तिचे घरातले स्थान पक्के होते, पण त्या घरातला तिचा दिवस कसा जाईल, हे मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर होते. फान्तोत्सीची स्थिती तशीच आहे. त्याला कोणी काढणार नाही. पण त्याला खिडकीजवळचे टेबल मिळेल की जिन्याखालचा कोपरा, वरिष्ठ त्याचे नाव नीट उच्चारतील की नाही, तो अस्तित्वात आहे याची कोणी दखल तरी घेईल का, हे सगळे वरून ठरते.

पहिल्या चित्रपटाची सुरुवातच याने होते. पीना कंपनीत फोन करून अत्यंत संकोचाने विचारते की, तिचा नवरा 18 दिवस घरी आलेला नाही, तर त्याच्याबद्दल काही कळेल का. शोध घेतल्यावर समजते की जुनी स्वच्छतागृहे बंद करताना तो आतच राहिला आणि वर भिंत बांधली गेली. या प्रसंगात खलनायक कोणीही नाही. कोणी त्याला शिक्षा केलेली नाही, कोणाचा त्याच्यावर रागही नाही. तो तिथे नाही हेच कोणाच्या लक्षात आले नाही. पीनाचा फोनवरचा स्वरही ऐकण्यासारखा आहे: नवरा हरवलेली बाई कंपनीकडे जाब मागत नाही, त्रास दिल्याबद्दल क्षमा मागते.

त्यानंतरचा सकाळचा प्रसंग इटलीत सर्वांना पाठ आहे. नोकरीला लागला तेव्हा फान्तोत्सी सव्वासहाला उठत असे. वर्षानुवर्षे प्रयोग करून, दाढीतले, न्याहरीतले, बूट बांधण्यातले क्षण वाचवत त्याने गजर 7 वाजून 51 मिनिटांवर आणलेला आहे, आणि साडेआठला त्याची हजेरी लागलीच पाहिजे. त्या दिवशी बुटाची नाडी तुटते आणि सगळे गणित कोसळते. मग सज्जातून उतरून धावती बस पकडण्याचे ते साहस सुरू होते. पहिल्या पाहण्यात ही निव्वळ पडापडीची गंमत वाटते, पण जरा थांबून विचार केला की त्यामागचे दुःख दिसते. या माणसाकडे बुद्धी आहे, चिकाटी आहे, कल्पकता आहे, आणि ती सगळी सकाळची थोडी जास्त झोप मिळवण्यात खर्च झालेली आहे.

वस्तूंवरून दर्जा कळणे हाही याच यंत्रणेचा भाग आहे. फिकसची झाडे, चामड्याची खुर्ची, गालिचा या गोष्टी इथे शोभेच्या नसतात; त्या माणसाची पायरी सांगतात. विल्लाज्जोने फान्तोत्सीच्या आधी दूरचित्रवाणीवर फ्राक्किया नावाचा असाच भित्रा कर्मचारी रंगवला होता. साहेबासमोर त्याला 1968 च्या सुमारास नव्याने बाजारात आलेल्या मऊ, पोत्यासारख्या बैठकीवर बसावे लागे. साहेब स्थिर खुर्चीवर असे आणि फ्राक्किया त्या पोत्यावरून सतत घसरत असे. बोलण्याआधीच कोण वर आणि कोण खाली हे तिथे ठरून जाई. फान्तोत्सीच्या दुनियेतली माणसाच्या कातड्याची खुर्ची ही याच विचाराची शेवटची पायरी आहे.

मग कामगारांबरोबर उभा का राहात नाही?

संपांच्या त्या काळात कारखान्यातील कामगार संघटित होते. कचेरीतला नोकरदार मात्र मधेच लटकलेला होता. त्याचा पगार कामगारापेक्षा फार जास्त नव्हता, पण त्याच्या नावापुढे उपाधी होती. इटलीत या उपाध्यांना फार वजन असते. पदवीधराला ‘दोत्तोरे’ म्हणतात. फान्तोत्सी त्याच्या हिशेबनिसीच्या पदविकेमुळे ‘राजोन्येरे’ आहे आणि सारे जग त्याला त्याच नावाने हाक मारते. उपाधी त्याला कामगारापासून वेगळे करते, आणि ती खालच्या पायरीची असल्यामुळे साहेबापासूनही दूर ठेवते. ही मधली स्थिती किती खरी होती याचा पुरावा चित्रपटानंतर पाच वर्षांनी मिळाला. 1980 च्या ऑक्टोबरमध्ये तोरिनो येथे फियात कंपनीतील दीर्घ संपाच्या विरोधात मुकादम आणि कचेरीतील कर्मचारी यांनीच मोर्चा काढला. तो ‘चाळीस हजारांचा मोर्चा’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यानंतर संप लवकरच मिटला. साल्चे आणि विल्लाज्जो यांनी या वर्गाचे मन आधीच ओळखले होते.

पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस फान्तोत्सी बंड करतोही. कचेरीत फोलाग्रा नावाचा डाव्या विचारांचा एक सहकारी आहे, ज्याला सगळे टाळतात. त्याच्याकडची पुस्तके वाचून फान्तोत्सीला प्रथमच कळते की आपली फसवणूक झालेली आहे. तो महाकंपनीच्या काचेवर दगड मारतो. त्याला वर बोलावणे येते. ज्याच्याविषयी आयुष्यभर दंतकथा ऐकल्या तो सर्वोच्च संचालक समोर येतो तेव्हा खोली एखाद्या संन्याशाच्या कोठडीसारखी साधी असते. संचालक मृदू आवाजात, अत्यंत सौजन्याने बोलतो. आपण सारे सद्भावनेची माणसे आहोत, हिंसेची गरज नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत आपण लोकशाही पद्धतीने बैठका घेत राहू, असे तो सुचवतो. फान्तोत्सी भीत भीत म्हणतो की अशाने हजार वर्षे लागतील. संचालक शांतपणे सांगतो की त्याला थांबायला वेळ आहे.

माझ्या दृष्टीने हा या चित्रपटमालेतील सर्वांत महत्त्वाचा संवाद आहे. सत्ता इथे ओरडत नाही, धमकी देत नाही, ती फक्त वेळ घेते, कारण वेळ तिच्याकडे भरपूर आहे आणि फान्तोत्सीकडे मुळीच नाही. त्याच भेटीत फान्तोत्सी विरघळतो. आपल्याला माणूस म्हणून वागवले याचीच त्याला इतकी कृतज्ञता वाटते की त्याचे बंड तिथेच संपते. संचालकाच्या खोलीतील मोठ्या मत्स्यालयात निवडक कर्मचारी पोहत असतात. शेवटी फान्तोत्सीलाही तिथे जागा मिळते आणि तो ती बढतीसारखी स्वीकारतो. पक्क्या नोकरीतही भीती का टिकते याचे उत्तर या प्रसंगात आहे: शिक्षेच्या धाकापेक्षा मेहेरबानीची आशा माणसाला जास्त घट्ट बांधते.

सुट्टीच्या दिवशी तरी सुटका होते का?

आश्चर्याची गोष्ट अशी की या कचेरीच्या चित्रपटात प्रत्यक्ष काम फार कमी दिसते. बहुतेक प्रसंग सुट्टीचे आहेत: विवाहित विरुद्ध अविवाहित असा फुटबॉलचा सामना, धुक्यात भल्या पहाटे खेळलेला टेनिस, तळ्याकाठी तंबूत घालवलेली रात्र, सहकाऱ्यांबरोबरची नववर्षाची मेजवानी. त्या मेजवानीत वाद्यवृंदाचा प्रमुख दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे म्हणून घड्याळ पुढे करतो आणि सर्वांना वेळेआधीच नवे वर्ष साजरे करायला लावतो. सुट्टीला निघालेल्या फान्तोत्सीच्या डोक्यावर एक खास ढग येतो, जो केवळ नोकरदारांसाठी राखीव आहे आणि आठवडाभर त्यांच्या सुट्टीची वाट पाहात असतो.

आर्थिक चमत्काराने लोकांना मोटार, दूरचित्रवाणी आणि पगारी रजा दिली; मोकळा वेळ ही नोकरदाराची नवी मिळकत होती. विल्लाज्जोने दाखवले की ही मिळकतही त्याच्या हाती राहात नाही. सहल सहकाऱ्यांबरोबर, सामना सहकाऱ्यांशी, स्वप्नातली स्त्री कचेरीतली आणि करमणूक कोणती करायची हे ठरवणारा पुन्हा एखादा वरिष्ठ. कामाचे तास कायद्याने बांधता येतात, पण जो माणूस कचेरीबाहेर कोणालाच ओळखत नाही त्याचा रविवार कोणता कायदा मोकळा करणार?

दुसऱ्या चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग इथेच येतो. फुटबॉलच्या वेडापायी फान्तोत्सीने इंग्लंड विरुद्ध इटली या सामन्यासाठी संध्याकाळची सगळी सिद्धता केलेली असते: सैल झगा, कांद्याचे मोठे ऑम्लेट, थंडगार बिअर, समोर दूरचित्रवाणी संच. तेवढ्यात फिलीनीचा फोन येतो. कलात्मक चित्रपटांचे वेड असलेले प्राध्यापक रिक्कार्देल्ली यांनी सर्व कर्मचाऱ्यांना तातडीने रशियन मूकपट पाहायला बोलावलेले असते. तो मूकपट म्हणजे सेर्गेई आयझेनस्टाइनच्या 1925 मधील ‘बॅटलशिप पोटेमकिन’चे, नाव किंचित बदलून केलेले सोंग आहे, त्यातील पायऱ्यांचे दृश्य साल्चेने नव्याने चित्रित केले. वर्षानुवर्षे हा एकच चित्रपट पाहून पिचलेला फान्तोत्सी अखेर व्यासपीठावर चढतो आणि तो चित्रपट अत्यंत टाकाऊ आहे असे असभ्य शब्दांत जाहीर करतो. त्यावर 92 मिनिटे टाळ्या वाजतात.

हा प्रसंग कलेची टिंगल करत नाही का?

अनेकांनी तसे मानले आणि आजही कंटाळवाण्या कलाकृतीवर मत द्यायला लोक हेच वाक्य वापरतात. मला हा अर्थ अपुरा वाटतो. प्रत्यक्षातला पोटेमकिन साधारण सव्वा तासाचा, वेगवान आणि थरारक चित्रपट आहे. चित्रपटातील अंतहीन छळ हा त्याचा स्वभाव नाही. छळ येतो तो सक्तीमुळे. जहाजावरच्या खलाशांनी जुलमी अधिकाऱ्यांविरुद्ध केलेल्या उठावाची कथा इथे साहेबाच्या हुकमाने, दंडाच्या भीतीने पाहावी लागते, आणि नंतर चर्चेत उत्साहही दाखवावा लागतो. क्रांतीची कलाकृतीसुद्धा वरिष्ठाच्या हातात गेली की हजेरीपुस्तक होते, हा त्यातला मुद्दा आहे. बंडाचा शेवटही तेच सांगतो. कर्मचारी चित्रफीत जाळतात, प्राध्यापकाला हरभऱ्यांवर गुडघे टेकून बसवतात आणि त्याला बाजारू चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवतात. पण पोलीस येताच सगळे थंडावते, आणि जळालेले दृश्य दर शनिवारी स्वतः साकार करून दाखवण्याची शिक्षा त्यांना निवृत्तीपर्यंत भोगावी लागते.

दुबळ्या माणसावर हसणे क्रूरपणाचे नाही का?

हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. पहिल्या चित्रपटात नाताळच्या समारंभात मारियान्जेला वरिष्ठांसमोर कविता म्हणते. तिचे रूप पाहून ते हसतात आणि तिला टारझनच्या चित्रपटांतील माकडाच्या नावाने हाक मारतात. फान्तोत्सी तिचा हात धरून तिला बाहेर नेतो. ती निरागसपणे विचारते की हे नाव कोणाचे, तेव्हा तो सांगतो की ती एक अतिशय सुंदर अमेरिकी अभिनेत्री आहे. इथे प्रेक्षकाचे हसू घशात अडकते, कारण क्षणापूर्वी तोही वरिष्ठांबरोबर हसलेला असतो. विल्लाज्जोने प्रेक्षकाला मुद्दाम साहेबांच्या बाजूला बसवले आणि मग ती जागा कशी दिसते हे दाखवले, असे मला वाटते. बिलियर्डच्या प्रसंगातही तसेच घडते: संचालकाकडून ठरवून हरणारा फान्तोत्सी, अपमान पाहून रडणाऱ्या पीनाकडे नजर जाताच, पहिल्यांदा जिंकण्यासाठी खेळतो.

तरीही एक उणीव मान्य करायला हवी. मारियान्जेलाची भूमिका प्लीनियो फेर्नान्दो या पुरुष अभिनेत्याला दिलेली आहे, आणि तिच्या कुरूपतेवरचे विनोद पुढच्या भागांत केवळ सवयीने येत राहतात. पीनाचे कष्टही बहुतेक वेळा पार्श्वभूमीतच राहतात. ‘तुझे माझ्यावर प्रेम आहे का’ असे नवऱ्याने विचारल्यावर, आपल्याला त्याच्याविषयी फार आदर आहे, असे ती सांगते. या एका उत्तरात जेवढे तिचे मन दिसते तेवढे इतरत्र क्वचितच दिसते.

खरे चित्रण हवे असेल तर अतिशयोक्ती कशाला?

इटलीत कारकुनाच्या दुःखाची परंपरा जुनी आहे. 1863 मध्ये तोरिनो येथे वित्तोरियो बेर्सेत्सियोने प्येमोंतेच्या बोलीत लिहिलेले एक नाटक रंगभूमीवर आले. त्यातील त्रावेत नावाचा गांजलेला सरकारी कारकून इतका प्रसिद्ध झाला की त्याच्या नावाचे सामान्यनाम बनले. 1961 मध्ये एर्मान्नो ओल्मीने ‘इल पोस्तो’ हा चित्रपट केला, ज्यात खेड्यातला एक मुलगा मिलानमधील मोठ्या कंपनीत नोकरीला लागतो आणि एका कारकुनाच्या मृत्यूनंतर त्याला टेबल मिळते. ओल्मी स्वतः एका वीज कंपनीत नोकरीला होता. त्या चित्रपटात एकही मोठा आवाज नाही, आणि तो अप्रतिम आहे.

पण ओल्मीचा मुलगा उंबरठ्यावर उभा आहे. त्याला अजून सगळे नवे वाटते. ज्याने वीस वर्षे तिथे काढली त्याला अपमान मोजमापाने दिसत नाहीत. त्याच्या मनात साहेब खरोखरच आकाशाएवढा असतो आणि स्वतः तो खरोखरच जमिनीसपाट. चित्रपट हे मनातले आकारमान पडद्यावर आणतो. म्हणूनच निवेदकाचा आवाज महत्त्वाचा ठरतो: विल्लाज्जोच फान्तोत्सीविषयी तृतीयपुरुषात, कचेरीच्या अहवालाच्या गंभीर थाटात बोलतो, जणू या माणसाला स्वतःच्या आयुष्याविषयी बोलायलाही अधिकृत भाषाच उरलेली आहे.

आज कायम नोकरीच दुर्मीळ असताना याचा काय उपयोग?

2012 आणि 2015 च्या कायदेबदलांनी 18 व्या कलमाचे संरक्षण बरेच पातळ केले. अल्पमुदतीच्या करारांवर जगणाऱ्या तरुण इटालियनांना फान्तोत्सीचे घर, गाडी, निवृत्तिवेतन आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगार हेवा वाटावा असे आहे. 2016 च्या आरंभी केक्को झालोने या विनोदी अभिनेत्याचा, कायम नोकरीला चिकटून राहणाऱ्या माणसावरचा चित्रपट इटलीत प्रचंड चालला. त्याची कमाई साडेसहा कोटी युरोंच्या आसपास गेली. आधीच्या पिढीला जे पिंजरा वाटले ते पुढच्या पिढीला हरवलेले घर वाटते.

यावरून फान्तोत्सी कालबाह्य ठरतो असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. नोकरी पक्की असतानाही जी भीती होती ती नोकरी कच्ची झाल्यावर कमी कशी होईल? पूर्वीची भीती तशीच राहिली आणि तिच्यात काढून टाकले जाण्याची भर पडली. संचालकांचा सौम्य स्वर, सर्वांचे एकमत होईपर्यंतच्या बैठका, कचेरीने आखलेली करमणूक, रात्री येणारा सहकाऱ्याचा निरोप हे सारे आजच्या मोठ्या कंपन्यांत त्या चित्रपटापेक्षा अधिक सफाईने चालते. घरून काम करणाऱ्याला बसमागे धावावे लागत नाही, पण फिलीनीचा फोन त्याच्या जेवणाच्या टेबलावरच वाजतो.

पाहायचे असल्यास कुठून सुरुवात करावी

साल्चेने दिग्दर्शित केलेले 1975 आणि 1976 चे दोन भाग क्रमाने पाहावेत. मालेचा सारा विचार त्यांतच आलेला आहे. 1980 चा तिसरा भाग नेरी पारेन्ती आणि विल्लाज्जो यांचा आहे. त्यात काही जोरकस प्रसंग आहेत, आणि पीनाच्या भूमिकेत लिऊ बोसीझिओच्या जागी मिलेना वुकोतिच येते. पुढचे भाग हळूहळू ठरावीक युक्त्यांवर चालू लागतात, त्यामुळे ते वगळले तरी फारसे बिघडत नाही. उपशीर्षकांसह पाहताना एक गोष्ट हरवते, ती आधीच माहीत असलेली बरी: आदरार्थी बोलण्याच्या धडपडीत फान्तोत्सी क्रियापदांची रूपे सतत चुकवतो, आणि इटालियन प्रेक्षकाला त्या चुकीत साहेबासमोर गोठलेली जीभ ऐकू येते. दोन भागांनंतर ओल्मीचा ‘इल पोस्तो’ पाहावा. फान्तोत्सी ज्या दारातून पहिल्या दिवशी आत गेला असेल, ते दार त्यात शांतपणे दाखवलेले आहे.